वीट बिअर

एकतीस वर्षांत रत्नपालनं बिअरच्या दोनच जाती मानल्या होत्या. एक थंड झालेली आणि दुसरी अजून न झालेली. कनेरगाव नाक्यावरच्या 'हॉटेल पुनम'मध्ये गिऱ्हाईकही तेवढंच विचारायचं. फारच चोखंदळ निघालं तर कडक का साधी, एवढं. मग रत्नपाल झाकणाच्या फ्रीजरमध्ये खांद्यापर्यंत हात घालायचा, आतल्या आत बाटल्या चाचपायचा आणि त्यातली गार बघून टेबलावर आणून ठेवायचा. यात समजून घेण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, काही नाही बाबा, पाय तेवढे दुखतात.

पाय खरंच दुखत. वय छप्पन्न. उजवा गुडघा असा झालेला, की खाली बसलं तर उठायला भिंत लागायची. सकाळी दहाला उभं राहायचं ते रात्री शेवटचं गिऱ्हाईक आपली गाडी ओळखेपर्यंत. घरी गेल्यावर सरिता, त्याची बायको, पायाला कोमट तेल लावायची आणि दरवेळी एकच विचारायची, "आज बसायला भेटलं का?" तो दरवेळी एकच सांगायचा, "व्हय, भेटलं की." एकतीस वर्षांच्या संसारात एवढं खोटं चालतं.

आता गंमत ऐका. या माणसानं जन्मात दारूचा थेंब तोंडात घातला नव्हता. विसाव्या वर्षी विहारात उभं राहून पंचशील घेतलं होतं ते घेतलं होतं. बारमधली नोकरी नंतर लागली. दर पौर्णिमेला तो पांढरा सदरा घालून विहारात जायचा आणि पाचवं, दारू न पिण्याचं शील आलं की त्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढायचा. पुढच्या रांगेतले मागे वळून हसायचे. नाक्यावर त्याला 'कोरडा वेटर' म्हणत. एकदा भन्तेजींनी त्याला बाजूला घेऊन हळूच म्हटलंही होतं, की पिणं जसं वाईट, तसं पाजणंही बरं नव्हे. रत्नपालनं मान डोलावली होती, पण मनात त्याचं उत्तर तयार होतं. मी कुठं पाजतो? मागितलं ते आणून देतो. 'पी' असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही. या एका वाक्याच्या आधारावर त्यानं एकतीस वर्षं काढली होती.

त्यातही एका माणसाला तो मागितलेलं आणून देत नव्हता. भागवत. त्याच्याच गावचा, मालवाहू टेम्पो चालवणारा, पिण्यात पुरता बुडालेला. तीन वर्षांपूर्वी भागवतची बायको रुक्माबाई भर उन्हात हॉटेलच्या मागच्या दारी आली होती. रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, त्याला जगात कोनी बी देवो. तुमच्या हातून नका देऊ." रत्नपाल म्हणाला होता, "माह्या हातून न्हाई जानार, वहिनी."

तेव्हापासून भागवत आला की रत्नपाल फ्रीजरचं झाकण उचलायचा, आत हात घालायचा, खडखड आवाज करायचा आणि म्हणायचा, "संपली." भागवतला कळायचं. तो शिव्या द्यायचा, दुसरीकडे जायचा. पण रोज कुणीतरी आपल्यासाठी तोंडावर खोटं बोलतंय, याचंही माणसाला कधीतरी काहीतरी वाटतं. गेल्या साली ज्येष्ठात भागवतनं सोडली. तेव्हापासून थेंबही नाही. तो दुपारी यायचा, बाहेरच्या लिंबाखालच्या बाजेवर बसून शेवभाजी-भाकरी खायचा आणि जाताना मुद्दाम विचारायचा, "काय रे, संपली का?" रत्नपाल म्हणायचा, "कव्हाच." दोघंही हसायचे. दिवसभरात रत्नपाल तेवढाच हसायचा.

मग पुनमचंदशेट वारले आणि गल्ल्यावर त्यांचा पोरगा कुलदीप बसला. पोरगा वाईट नव्हता. रत्नपालच्या खांद्यावर बसून लहानाचा मोठा झालेला, अजून काका म्हणणारा. पण सहा वर्षं पुण्यात राहिलेला. त्यानं लिंब तोडला, बाजा विकल्या, बाहेरची जागा आत घेऊन हॉल केला, एसी बसवला. झाकणाचा फ्रीजर भंगारात गेला आणि त्याच्या जागी काचेच्या दाराचा आला, माणसापेक्षा उंच, आत निळा दिवा. त्यात बावीस प्रकारच्या बिअरी दुकानातल्या साड्यांसारख्या मांडलेल्या.

"काका, आता लोक वाशीमहून, अकोल्याहून येतील," कुलदीप म्हणाला. "नुसतं 'थंड हाय साहेब' म्हणून भागायचं नाही. कोणती काय आहे ते वेटरला सांगता आलं पाहिजे."

त्यासाठी पुण्याहून प्रियंका नावाची मुलगी तीन दिवसांसाठी आली. बिअर बनवण्याचंच शिकलेली. तिसऱ्या दिवशी परीक्षा. पास होईल तो हॉलमध्ये, नापास होईल तो मागं मोरीवर, भांडी घासायला. कुलदीपनं हे हसत हसत सांगितलं, पण मोरीवर बसून घासावं लागतं हे रत्नपालच्या गुडघ्याला आधी कळलं. त्याच्यासाठी मोरी म्हणजे घरीच जाणं होतं. आणि घरी बसून काय करायचं, हे ना त्याला ठाऊक होतं ना सरिताला.

पहिल्या दिवशी प्रियंकानं फळ्यावर लिहून सांगितलं. सगळ्या बिअरींची दोनच घराणी. एक लागर, गारव्यात सावकाश आंबवलेली. दुसरी एल, उबेत लवकर आंबवलेली. दुसरा वेटर दिपक, तिशीतला आणि तोंडाचा फटकळ, लगेच म्हणाला, "मंग एक्सेल कुठं हाय? एल झाला, एक्सेल झाला, माह्या मापाचं सांगा." प्रियंकाला हसू आवरेना. तिनं पुढं सांगितलं, "एलमधलीच एक व्हीट बिअर." दिपकनं वहीत लिहिलं, 'वीट'. कुलदीपनं नंतर ती वही न तपासता तशीच हिंगोलीला छापखान्यात धाडली आणि गुळगुळीत कार्डावर मोठ्या अक्षरात छापून आलं, 'वीट बिअर'.

"वीट म्हंजी? भट्टीवरची का?" दिपकनं लिहिता लिहिताच विचारलं.

"न्हाई रे," रत्नपाल म्हणाला, "जिचा मानसाला वीट येतो ती." तो हसला नव्हता. दुपारचे चार वाजले होते आणि तो सकाळपासून उभा होता.

प्रियंका म्हणाली, "नाही हो काका, गव्हाची. व्हीट म्हणजे गहू." मग तिनं पाच ग्लास भरले आणि सगळ्यांना एकेक घोट घ्यायला सांगितला.

रत्नपालनं ग्लास उचलला आणि परत ठेवला. "मी घेत न्हाई, ताई."

"एक घोट, काका. थुंकून टाका हवं तर."

"थुंकून टाकायला बी तोंडात घ्यावीच लागती ना."

कुलदीपनं कपाळाला हात लावला. पण ती मुलगी समजूतदार निघाली. तिनं विचारलं का, आणि त्यानं सांगितलं. सांगता सांगता त्याला भन्तेजींनी पाचव्या शिलाचा उलगडून दाखवलेला अर्थ आठवला. सुरा म्हणजे धान्य आंबवून केलेली, मेरय म्हणजे फुलांची, फळांची, गुळाची. "म्हंजी ताई, तुमची ही लागर काय अन् एल काय, सगळी सुराच झाली. आपल्याकडं मोहाची होती ती मेरय." प्रियंकानं पेन काढून ते लिहून घेतलं. तिला हे पुण्यात कुणी शिकवलं नव्हतं. मग म्हणाली, "काका, निम्मी चव नाकातच असते. तुम्ही नुसता वास घ्या. वास घ्यायला तर तुमचं शील अडवत नाही ना?"

अडवत नव्हतं. एकतीस वर्षं तो याच वासात उभा होता.

त्यानं पहिला ग्लास नाकाशी नेला. फिकट सोनेरी, आरपार दिसणारी. ओल्या कडब्याचा वास, पहाटेचा. ही पिल्सनर, लागरच्या घरातली. दुसरीला ज्वारीच्या लाह्या फुटताना येतो तसा, जरा गोडसर. तिसरीनं नाक झिणझिणलं. कडुलिंबाचा मोहर आणि वर संत्र्याची साल. प्रियंका म्हणाली, ही आयपीए, हिच्यात एका वेलाची कडू फुलं सढळ हातानं टाकतात. चौथी काळी कुळकुळीत, भाजलेल्या चिंचोक्यांचा आणि चुलीत राहिलेल्या भाकरीचा वास. ती स्टाउट, करपेपर्यंत भाजलेल्या जवांची. आणि पाचवी गढूळ, फिकट पिवळी. ती नाकाशी नेली आणि रत्नपाल तिथंच थांबला.

त्याच्याच अंगणातला वास होता तो. चैत्र-वैशाखात सरिता कुरडईसाठी गहू भिजत घालायची. रोज पाणी बदलायची, तरी तिसऱ्या दिवशी पातेल्यावरचं फडकं काढलं की असा आंबूस, गोडसर, ओला वास यायचा. तोच हा. त्यात एखादं जास्त पिकलेलं केळ आणि एक लवंग ठेवलेली. बस्स.

"ही गव्हाची," तो म्हणाला. "कुरडईच्या चिकाची."

तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे बांधून पाच ग्लास पुढं ठेवले. त्यानं पाचही बराबर सांगितले. दिपक दोन चुकला आणि एकीला पुन्हा एक्सेल म्हणाला. कुलदीपला अजून पटेना. "पण चव घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाला सांगणार काय?" प्रियंका म्हणाली, "सर, काका आत्ता जे बोलले ना, ते ऐकून मलाच तहान लागली." कुलदीपनं रत्नपालच्या खिशाला नाव लिहिलेली पट्टी लावली आणि गुडघा मोरीपासून वाचला. घरी जाऊन त्यानं सरिताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजी माह्या कुरडईनं तुमची नोकरी वाचवली." त्या रात्री त्याला चांगली झोप लागली.

मग पंधरा-वीस दिवस असे गेले की ते त्याचे वाटेनात. टेबलावर कार्ड उघडायचं, 'वीट बिअर' वाचून लोक हसायचे, आणि रत्नपाल सांगायला लागायचा. कंत्राटदार, बँकेतले साहेब, लग्नाला निघालेले पाहुणे माना वर करून ऐकायचे. एकतीस वर्षांत ज्याच्याकडं कुणी मान वर करून पाहिलं नव्हतं, त्याला लोक 'अजून सांगा' म्हणत होते. खोटं कशाला बोला, त्याला ते आवडत होतं. चिंचोके, मोहर, लाह्या, चीक. ऐकता ऐकता माणसाचा घसा हलायचा आणि बोट कार्डावर जायचं. गढूळ बाटल्या दिवसाला दोन जायच्या तिथं वीस जाऊ लागल्या. कुलदीप म्हणाला, "काका, तुम्ही तर न पिणाऱ्यालाही पाजाल." रत्नपाल हसला. पण मधेच, ट्रे धुताना, ते वाक्य परत आलं आणि त्याला नकोसं झालं. पाय दुखतच होते. आता जीभही थकत होती.

वैशाखातल्या एका दुपारी भागवत जेवायला आला. सोडल्याला अकरा महिने होत होते. लिंब नव्हता, बाज नव्हती, तेव्हा तो आत हॉलमध्येच बसायचा आणि रिकामं टेबल मिळेल तिथं बसावं लागायचं. त्या दिवशी काचेच्या फ्रीजसमोरचं मिळालं. बाहेर शिसं वितळावं असं ऊन. शेजारच्या टेबलावर वाशीमचे दोन कंत्राटदार होते. त्यांनी कार्ड वाचून विचारलं, "ही वीट काय भानगड आहे, मामा?"

आणि रत्नपालनं सांगायला सुरुवात केली. चैत्राचं ऊन, अंगणातलं पातेलं, तिसऱ्या दिवशीचे गहू, फडकं बाजूला केल्यावर तोंडावर येणारा तो ओला वाफारा. आता त्याला हे पाठ झालं होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं. कंत्राटदारांनी दोन मागवल्या.

त्यानं वळून पाहिलं तर भागवत भाकरीचा घास हातात धरून बसला होता.

"माही माय घालायची रे गहू भिजू," भागवत म्हणाला. "आमी चोरून चीक खायचो. तसाच वास येतो म्हनतो?"

"तू जेव," रत्नपाल म्हणाला.

"एक आन."

"संपली."

भागवत हसला. नेहमीचं हसू नव्हतं ते. त्यानं घास ताटात ठेवला आणि बोट केलं. "कुठं संपली? ती काय दिसून राहिली."

दिसत होत्या. निळ्या दिव्याखाली एका ओळीत बारा गढूळ बाटल्या, काचेवर गारव्याचे थेंब. त्या काचेच्या दाराला झाकण नव्हतं. आत हात घालून खडखड करावं अशी सोयच राहिली नव्हती. गल्ल्यावरून कुलदीपनं मान वर केली. "काय झालं काका? सकाळीच भरलाय की फ्रीज."

नाही म्हणता आलं असतं. कुलदीपला बाजूला घेऊन दोन शब्द सांगता आले असते, त्यानं ऐकलंही असतं. भागवतला बाहेर नेता आलं असतं. हे सगळं रत्नपालला नंतर सुचलं, आणि नंतर सुचलेलं कुणाच्या कामाला आलंय? त्या क्षणी त्याला एवढंच जाणवलं, की आपण सकाळपासून उभे आहोत, आपल्याला फार दमल्यासारखं झालंय, मालक बघतोय आणि गिऱ्हाइकानं मागितलंय. मागितलं ते आणून देतो, हे जुनं वाक्य त्यानं मनात उचललं. ते पूर्वीइतकं हलकं लागलं नाही. तरी तो गेला, बाटली काढली आणि आला.

हातांनी आपलं काम चोख केलं. ग्लास तिरका धरला, बाटली कडेनं ओतली, तळात थोडी राहू दिली, ती हलकेच घुसळली आणि खालचा गाळ शेवटी वर सोडला, प्रियंकानं शिकवलं होतं तसा. वर दोन बोटं पांढरा फेस आला. इतकी सुरेख त्यानं कुणालाच ओतून दिली नव्हती.

भागवतनं आधी वास घेतला. डोळे मिटले. मग एका दमात अर्धा ग्लास. "बराबर सांगितलं रे, रत्नपाल," तो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले होते. "तिसऱ्या दिवसाचेच गहू." मग थोड्या वेळानं, "अजून एक आन." टेम्पो चार दिवस नाक्यावरच उभा राहिला.

बुद्ध पौर्णिमेच्या सकाळी रत्नपालनं सुट्टी घेतली होती. सरिता अंगणात खाटेवर कुरडया घालत होती, तो पांढऱ्या सदऱ्याची गुंडी लावत होता. सरितानं गरम चिकाची वाटी साखर घालून त्याच्यापुढं ठेवली. हा त्याचा दरवर्षीचा मान. त्यानं वाटी तोंडाजवळ नेली आणि खाली ठेवली.

फाटकाशी रुक्माबाई उभी होती. किती वेळची ते कळलं नाही. आत आली नाही. तिचा एक डोळा सुजलेला होता आणि तो तिनं पदरानं झाकलेला नव्हता.

"वहिनी," रत्नपाल उठला, भिंतीचा आधार घेऊन. "त्यानंच मागितली. मी निसती आनून दिली."

रुक्माबाईला राग आला असता तर बरं झालं असतं. ती फार थकलेली दिसत होती, जशी तीन वर्षांपूर्वी मागच्या दारी दिसली होती, तशीच.

"रोज म्हनायचे ना, दादा," ती म्हणाली. "त्या दिशी बी म्हनायचं व्हतं. संपली म्हनून."

म्हटलं होतं, असं तो सांगणार होता. पण ते एकदाच म्हटलं होतं आणि त्याआधी शेजारच्या टेबलावर काय काय म्हटलं होतं ते त्याला आठवलं, फडक्यापासून वाफाऱ्यापर्यंत. ती गेली.

विहारात गर्दी होती. भन्तेजी एकेक शील सांगत होते, लोक मागून म्हणत होते. रत्नपालनं पहिलं म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं, चौथं. त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं होतं, आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तर त्यानं खोटं बोलूनच केलं होतं, ते आता गेलं होतं. मग पाचवं आलं. पुढच्या रांगेतल्यांनी सवयीनं हसण्याची तयारी केली.

आवाज आला नाही. दोघा-तिघांनी मागं वळून पाहिलं. रत्नपाल हात जोडून उभा होता, तोंड उघडं, घसा कोरडा. जन्मात थेंब न गेलेला घसा. शेजारी उभ्या सरितानं कोपरानं हळूच ढोसलं आणि कुजबुजली, "म्हना की. काहून गप?"

"म्हनवत न्हाई," तो म्हणाला, आणि भिंत शोधत खाली बसला.